पंचगंगा: चार महिने नदी, आठ महिने डोह

(पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ जरा कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग पंचगंगेवर.

प्रश्न नेहमीचाच आहे. पंचगंगेचं पाणी नक्की कशाने बिघडतं? कारखान्यांनी, शहरांनी की शेतीने? आणि लोकांना उत्तर एका वाक्यात हवं असतं, म्हणजे मग कुणाला शिव्या घालायच्या ते ठरवता येतं. एका वाक्यात सांगायचं तर: तिन्हींनी, पण एकाच वेळी नाही आणि एकाच ठिकाणी नाही. आता हे वाक्य ऐकून कुणाचंच समाधान होणार नाही, म्हणून पुढची वीस मिनिटं.

मी काही पाण्यातला तज्ज्ञ नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, केमिस्ट्री बीटेकच्या पहिल्या वर्षाला सुटली ती सुटलीच. पण माझं रोजचं काम म्हणजे लॉग बघणं. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम एकदम झकास दिसत असतो आणि तरी रात्री दोन वाजता कुणाचं तरी पेमेंट अडकलेलं असतं. त्यामुळे ‘सरासरी’ हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. नदीच्या बाबतीतही मला हाच संशय आला आणि तो खरा निघाला असं मला वाटतं.

आधी भूगोल, कारण निम्मी गोष्ट तिथेच आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या, आणि पाचवी सरस्वती गुप्त आहे असं मानतात. कोल्हापूरच्या वर चिखलीजवळ प्रयाग संगम. तिथून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळेपर्यंत सुमारे ८० किलोमीटर. देशातल्या नद्यांच्या मानाने अगदी चिमुकली. पण या चिमुकल्या खोऱ्यात पाऊस कसा पडतो बघा. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढेमागे आणि शिरोळ तालुक्यात पाचशेच्या आसपास. शंभर किलोमीटरच्या आत दहापट फरक! म्हणजे पाणी देणारी जमीन एक, आणि पाणी वापरून घाण करणारी जमीन दुसरी. वर घाटातलं जंगल, जांभ्याचे सडे, काही ठिकाणी बॉक्साइटच्या खाणी, मग भाताची खाचरं. कोल्हापूर जवळ यायला लागलं की ऊस. मग शहर. मग पुन्हा ऊस, वीटभट्ट्या, साखर कारखाने, एमआयडीसी, इचलकरंजीचे सायझिंग आणि प्रोसेस. आणि शेवटी शिरोळ तालुका, ज्याच्या वाट्याला वरच्या सगळ्यांचं येतं.

घाटातल्या जमिनीबद्दल फार वेळ घालवत नाही. जंगल शाबूत असेल तिथून गढूळपणा कमी येतो, उतार उघडा केला की पहिल्या पावसात लाल पाणी येतं. हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. मला बोलायचंय ते त्याच्या खालच्या भागाबद्दल, आणि एका अशा वस्तूबद्दल जिला कुणी प्रदूषणाच्या चर्चेत घेतच नाही. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा.

आपल्याला या बंधाऱ्याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. दगडी खांब, खांबांना खाचा, त्या खाचांत बरगे घालायचे. पावसाळा संपला की घालायचे, पुढचा पावसाळा यायच्या आत काढायचे. पूर आला की पाणी खांबांमधून आणि वरून निघून जातं, गाळ साठत नाही. साधी, स्वस्त, हुशार रचना. पंचगंगेवर शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे एकामागून एक बंधारे आहेत. पुराच्या बातम्यांत ही नावं आपण पाठ केलेली आहेत. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे कोल्हापुरातलं शाळकरी पोरही सांगेल.

पण बरगे घातले की काय होतं? नदी थांबते. पूर्ण नाही, पण जवळजवळ. ८० किलोमीटरची वाहती नदी म्हणजे मग एकाखाली एक ठेवलेले सात-आठ लांबट डोह. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मे. म्हणजे आपण जिला नदी म्हणतो ती वर्षातले चार महिने नदी असते आणि आठ महिने तळ्यांची माळ. आणि प्रत्येक तळ्यात काय येतं? त्याच्या त्याच्या काठावरच्या जमिनीवर जे चाललंय ते. राजाराम बंधाऱ्याच्या आसपास कोल्हापूर शहर. तेरवाडला इचलकरंजी. शिरोळला ऊस आणि क्षारपड रानं, शिवाय वरून ढकललेलं सगळं. म्हणून ‘पंचगंगेचं पाणी’ असं एक पाणी उन्हाळ्यात अस्तित्वातच नसतं. सात-आठ वेगवेगळी पाणी असतात.

याचा ऑक्सिजनशी काय संबंध, ते आता सांगतो. इथे थोडं विज्ञान येईल, पण धीर धरा.

पाण्यात मासा जगतो तो विरघळलेल्या ऑक्सिजनवर. त्याला डीओ म्हणतात. वीस अंश तापमानाच्या पाण्यात जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन मावतो. तीस अंशांना साडेसात. आणि आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहोत, म्हणून आणखी थोडा कमी, सातच्या आसपास. म्हणजे उष्ण प्रदेशातल्या नदीच्या खिशात मुळातच पैसे कमी. दुसऱ्या बाजूला, सांडपाण्यातली घाण कुजवणारे जिवाणू उबेत जास्त जोरात काम करतात आणि काम करताना ऑक्सिजन खातात. म्हणजे खर्चही जास्त वेगाने. कमाई कमी, खर्च वेगात, असा संसार आहे आपल्या नदीचा.

घाण मोजायचं माप म्हणजे बीओडी. पाण्यातला कुजणारा माल खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, ते. याची एक गंमत आहे. ही चाचणी रुळली ब्रिटनमध्ये, १९१२ च्या रॉयल कमिशनच्या अहवालातून. नमुना पाच दिवस ठेवायचा असं ठरलं. पाचच का? तर ब्रिटनमधल्या नदीचं पाणी जास्तीत जास्त पाच दिवसांत समुद्राला मिळतं, असं त्याचं कारण सांगितलं जातं. आता आपलं बघा. पंचगंगेच्या पाण्याला समुद्र गाठायचा म्हणजे कृष्णेतून अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर करत हजार किलोमीटरच्या पुढे जायचं. पाच दिवसांत ते कदाचित एका डोहातून दुसऱ्यात गेलेलं असेल. निदान भारतीय मानकाने एक शहाणपणा केला. आपल्याकडे बीओडी २७ अंशांना तीन दिवस मोजतात, कारण आपलं पाणी विसावर नसतं. चाचणी आपण आपल्या हवामानाला जुळवून घेतली. नमुना कधी आणि कुठे घ्यायचा, ते मात्र जुळवलं नाही.

वाहत्या नदीत एक सोय असते. ती हवेतून ऑक्सिजन परत घेत राहते. खडकांवरून उथळ वाहणारं पाणी भराभर घेतं, खोल संथ पाणी हळू घेतं. ढोबळ सूत्र असं की खोली दुप्पट झाली तर हा वेग साधारण एकतृतीयांशावर येतो, आणि पाण्याचा वेगही कमी झाला तर त्याहून खाली. म्हणजे बरगे घातल्यावर नदीची स्वतःला साफ करायची ताकदच आपण काढून घेतो. उसासाठी काढून घेतो. हे मी बंधाऱ्यांच्या विरोधात बोलत नाहीये हं, लगेच फोन करू नका. ते बंधारे नसते तर निम्मा जिल्हा उन्हाळ्यात कोरडा असता. पण बंधारा घातला की काठावरच्या जमिनीचे नियम जास्त कडक व्हायला हवेत, एवढं तरी त्यातून निघतं की नाही?

आता एक हिशेब करू, म्हणजे चार महिने आणि आठ महिने यातला फरक आकड्यांत दिसेल.

डिस्टिलरीतून निघणारं स्पेंट वॉश. आपण सगळे त्याला मळीचं पाणी म्हणतो. त्याचा बीओडी ४० ते ५० हजार मिलिग्रॅम प्रतिलिटर असतो. घरगुती सांडपाण्याचा दोन-अडीचशे. म्हणजे एक लिटर स्पेंट वॉश म्हणजे साधारण दोनशे लिटर सांडपाणी. वीस हजार लिटरचा एक टँकर धरा. तो म्हणजे ४० लाख लिटर सांडपाणी. माणशी रोजचं १०८ लिटर सांडपाणी धरलं, तर सुमारे ३७ हजार लोकांचं एका दिवसाचं. एका टँकरमध्ये एक मध्यम गाव.

हा टँकर ऑगस्टच्या पुरात नदीत गेला तर? त्याला एकूण ९०० किलो ऑक्सिजन लागेल. लिटरला सात मिलिग्रॅम धरले तर तेवढा ऑक्सिजन जवळपास १३ कोटी लिटर पाण्यात असतो. पुरात नदी सेकंदाला हजार घनमीटर वाहतेय असं धरलं तर तेवढं पाणी दोन मिनिटांत पुढे जातं. कुणाला कळणारही नाही. आता तोच टँकर एप्रिलमध्ये. शंभर मीटर रुंद, तीन मीटर खोल अशा साचलेल्या डोहात ते १३ कोटी लिटर म्हणजे सव्वाचारशे मीटर लांबीचं पाणी. तेवढ्या पट्ट्यातला सगळा ऑक्सिजन हळूहळू संपणार. आणि तिथले मासे जाणार कुठे? खाली बंधारा आहे.

कायद्याने डिस्टिलरीला स्पेंट वॉश बाहेर सोडायची परवानगीच नाही. प्रेसमडमध्ये मिसळून कंपोस्ट करायचं किंवा आटवून जाळायचं. बरेच जण ते करतातही. माझा मुद्दा हा की एकाने एकदा नियम मोडला तरी एप्रिलमध्ये पुरतं. ऑगस्टमध्ये शंभर जणांनी मोडला तरी आकड्यात दिसणार नाही.

म्हणून सरासरी फसवी. समजा पावसाळ्यातल्या चार महिन्यांत बीओडी २ होता, पुढचे सहा महिने ४, आणि उन्हाळ्यातले दोन महिने २०. सरासरी येते ६. हा सहाचा आकडा वर्षातल्या एकाही महिन्यात नव्हता! पण अहवालात तोच जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या यादीत देशभरात ३११ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५५ महाराष्ट्रात, सगळ्यांत जास्त. तिथे पट्टे बीओडीनुसार पाच वर्गांत लावलेले असतात, तीसच्या वर पहिला वर्ग, तीन ते सहा पाचवा. यादी उपयोगाची आहेच, निधी तिच्यावरून येतो. पण नदी कुठल्या वर्गात आहे हे कळल्याने तेरवाडच्या माणसाला आज पाणी जनावरांना पाजायचं की नाही हे कळत नाही.

बरं, आता ऊस. यावर माझी आणि मामांची नेहमी जुंपते. ते शिरोळ तालुक्यात ऊस लावतात. आडसाली उसाला शिफारसच हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे. त्यात बरेच जण ‘दोन पोती जास्त टाकली तर बिघडलं कुठं’ म्हणणारे. वर पाटाने पाणी, सरी भरून. पिकाने उचललं नाही ते नायट्रेट पाण्याबरोबर जमिनीत खाली उतरतं. ते लगेच नदीत येत नाही, हे महत्त्वाचं. ते भूजलात जातं आणि तिथून महिन्यांनी, कधी वर्षांनी नदीत झिरपतं. स्फुरद वेगळं वागतं. ते मातीच्या कणांना चिकटून बसतं आणि जोराच्या पावसात मातीसकट ओढ्याने नदीत. शहराचं सांडपाणी आज सकाळचं आज दुपारी नदीत असतं. शेतातलं नत्र मागच्या सरकारच्या काळातलंही असू शकतं. म्हणून उद्या सगळ्यांनी खत निम्मं केलं तरी परवा नदी निम्मी स्वच्छ होणार नाही. हे कुठल्याही योजनेच्या भाषणात सांगत नाहीत, कारण पाच वर्षांत फोटो काढता येत नाही.

नत्र आणि स्फुरद डोहात साचलं की जलपर्णी. ऊब, साचलेलं पाणी, भरपूर खत: तिला यापेक्षा चांगलं शेत कुठे मिळणार? एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. दर उन्हाळ्यात आपण पोकलेन लावून ती काढतो, काठावर टाकतो, तिथे ती कुजते, आणि पहिल्या पावसात तिच्यातलं खत परत नदीत. मला हे बघून कामावरचं एक सिस्टिम आठवतं, ज्यात मेमरी भरली की रात्री रीस्टार्ट करायची स्क्रिप्ट लावली होती. गळती कुठे आहे ते कुणी बघत नव्हतं.

मिठाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. शिरोळकडे पाणी देऊन देऊन भूजल वर आलं, निचरा नाही, पाणी उडून गेलं आणि क्षार वर राहिले. हजारो एकर क्षारपड झाली. त्यावर उपाय निघाला तो चांगला आहे: जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून खारट पाणी काढून घ्यायचं. रानं परत पिकायला लागली, ज्यांची पिकली त्यांना विचारा. पण ते काढलेलं खारट पाणी जातं कुठे? ओढ्यात. ओढा कुठे? म्हणजे जमीन बरी करायची तर मीठ पाण्यात. यातून सुटायचा मार्ग एकच, पाणीच कमी द्यायचं, म्हणजे ठिबक. ते सगळ्यांना माहीत आहे. पाटाचं पाणी एकरावर आकारलं जातं तोवर कोण मोजून पाणी देणार, ते सांगा.

आणि काठ. काठापर्यंत ऊस. एखादं झाडही नाही. मी मामांना म्हटलं, दहा फुटांचा गवताचा पट्टा सोडला तर माती आणि तिला चिकटलेलं स्फुरद बरंचसं तिथेच अडकतं. विरघळलेलं नायट्रेट फारसं अडकत नाही, पण तरी. मामा म्हणाले, ‘‘आरं, तू कॉम्प्युटरवाला, हिशेब मांड की. दहा फुटात किती ऊस जातोय?’’ मांडला. शंभर मीटर काठ, दहा फूट रुंद, म्हणजे तीन गुंठे. एकरी ४० टनांनी तीन टन ऊस. टनाला तीन हजार धरले तर वर्षाला नऊ हजार रुपये, तोडणी-ओढणी वगैरे बाजूला ठेवून. मामा म्हणाले, ‘‘मग ह्ये नऊ हजार कोण देणार? खालच्या गावानं पाणी प्यायचं आणि वरच्यानं ऊस सोडायचा व्हय?’’ या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही, पण प्रश्न बरोबर आहे असं मला वाटतं. शहराच्या सांडपाण्यासाठी आपण सरकारी पैशाने प्रकल्प बांधतो. कोल्हापुरात कसबा बावड्याला ७६ एमएलडीचा आहे, दुधाळीला १७ एमएलडीचा. गवताचा पट्टाही तसाच एक प्रकल्प आहे, विजेचं बिल नसलेला. मग त्याला पैसे का नकोत?

शहरांकडे वळतो. कोल्हापूरची जुनी उपसा केंद्रं बालिंगा आणि शिंगणापूरला, म्हणजे शहराच्या वरच्या अंगाला. जयंती नाला मिळतो तो त्याच्या खाली. (नाला आता म्हणतात, मुळात ती नदीच.) जगातली बहुतेक शहरं असंच करतात, वरून प्यायचं आणि खालून सोडायचं. त्यात कोल्हापूरला वेगळं नावं ठेवण्यासारखं काही नाही, आणि सांडपाणी प्रकल्पांमुळे पूर्वीपेक्षा पुष्कळ फरक पडलाय हेही खरं. तरी जोराचा पाऊस आला की जयंती नाल्याचं पाणी अडवलेल्या ठिकाणावरून उडी मारून सरळ नदीत जातं, हे कुणीही सांगेल. आणि काठावरच्या मोठ्या गावांचं काय? आता पंधरा-वीस हजार वस्तीची गावं आहेत, संडास आहेत, बाथरूम आहेत, गटारं आहेत, आणि गटार शेवटी ओढ्यातच.

खाली तीसेक किलोमीटरवर इचलकरंजी. तिचा काळा ओढा. नावच पुरेसं आहे. सायझिंगची खळ म्हणजे स्टार्च, जिवाणूंची मेजवानी, म्हणजे बीओडी. प्रोसेसमधून रंग आणि मीठ. मीठ कुजत नाही, खळ कुजते. त्यामुळे दोन-तीन साध्या चाचण्यांवरून बऱ्याचदा ओळखता येतं की पाण्यात कुणाचा हात आहे. क्षार एकदम वाढले आणि पाण्याचा सामू चढला तर प्रोसेसकडे बघा. बीओडी भयंकर आणि पाणी तपकिरी, तर मळी. विष्ठेतले जिवाणू असतील तर माणसं किंवा जनावरं.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. हिपॅटायटिस ई. हजारो लोक आजारी पडले, माणसं गेली. हा विषाणू पिण्याच्या पाण्यात विष्ठा मिसळली की पसरतो. तो उसाच्या खतातून येत नाही, कापडाच्या रंगातून येत नाही. त्या साथीनंतर प्रकरण उच्च न्यायालयाच्या ऐरणीवर आलं, नागपूरच्या ‘नीरी’ने खोऱ्याचा अभ्यास केला, देखरेख सुरू झाली. सांडपाण्याच्या बाबतीत गेल्या दहा-बारा वर्षांत जे हललं, त्यातलं बरंच त्या साथीने हलवलं.

पण दुसरीही एक गोष्ट घडत गेली, आणि आजच्या भागात मला सगळ्यांत जास्त तीच खुपते. इचलकरंजी पंचगंगेवर अवलंबून राहीना. कृष्णेवरून, मजरेवाडीहून पाणी आणलं. मग वारणेतून, दानोळीहून आणायचं ठरलं, तिथल्या गावांनी विरोध केला. मग दूधगंगेतून, सुळकूडहून, तिथेही विरोध. आणि कोल्हापूरने २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीची थेट पाइपलाइन आणली. धरणातून पन्नासहून जास्त किलोमीटर. शहरात आनंद झाला, आणि का होऊ नये, स्वच्छ पाणी आलं. पण याचा अर्थ काय होतो ते बघा. पंचगंगेच्या काठावरची दोन्ही मोठी शहरं, जिथे बजेट आहे, वर्तमानपत्रं आहेत, आमदार आहेत, ती या नदीचं पाणी पिण्यापासून सुटत चाललीत. नदीत काय सोडायचं हे ठरवणारे वेगळे, आणि ते पिणारे वेगळे. जे पिणार आहेत, जनावरांना पाजणार आहेत, तीर्थ म्हणून तोंडात घेणार आहेत, ते खाली राहतात आणि त्यांची गावं लहान आहेत. काविळीने जे हलवलं, ते पुढच्या वेळी हलेल का? मला शंका आहे.

तर मग मागायचं काय? निधी, प्रकल्प, कारवाई हे सगळं मागणारे लोक आहेत आणि ते माझ्यापेक्षा जास्त वर्षं मागतायत. मला त्यात एक छोटी, माझ्या धंद्यातली भर घालायची आहे: मोजणी डोहाप्रमाणे आणि वेळेप्रमाणे करा.

साचलेल्या, खत मिळालेल्या पाण्यात शेवाळ असतं. ते दिवसा उन्हात ऑक्सिजन बनवतं आणि रात्री इतरांसारखंच ऑक्सिजन खातं. म्हणून अशा डोहाचा डीओ दुपारी छान असतो आणि पहाटे तळाला जातो. मासे पहाटे मरतात. आणि नमुना घ्यायला माणूस कधी येतो? ऑफिसच्या वेळेत. महिन्यातून एकदा. त्या माणसाचा दोष नाही, त्याला तसंच सांगितलंय. पण आमच्याकडे कुणी फक्त दुपारी बारा वाजता सर्व्हर तपासून ‘सिस्टिम उत्तम आहे’ असा अहवाल दिला असता तर त्याला दुसरं काम शोधायला लावलं असतं. पंचगंगेवर सात-आठ बंधारे आहेत. प्रत्येकाच्या वरच्या बाजूला डीओ, तापमान आणि विद्युतवाहकता मोजणारा सेन्सर, दर पंधरा मिनिटांनी एक आकडा, आणि तो आकडा सगळ्यांना दिसेल असा. सेन्सरला शेवाळ चढतं, दर आठवड्याला पुसावा लागतो, चोरीला जातो, हे सगळं मला माहीत आहे. तरी पूरपातळी आपण तासातासाला सांगतोच की. राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी जुलैत जशी मोबाइलवर येते, तसा एप्रिलमध्ये तिथला डीओ का येऊ नये?

दुसरी मागणी अगदीच बिनखर्चाची. बरगे काढायच्या तारखा. बरगे काढले की वरच्या डोहातलं, तळाला महिनोन्महिने कुजलेलं पाणी एकदम खालच्या डोहात येतं. वरून राधानगरीचं आवर्तन आलं तरी तेच होतं. ‘प्रदूषण वाढलंय, धरणातून पाणी सोडा’ अशी मागणी होते तेव्हा घाण नाहीशी होत नाही, खालच्या गावाला पोचते. कुठल्या बंधाऱ्याचे बरगे कुठल्या दिवशी निघणार हे खालच्या गावांना दोन दिवस आधी कळलं, तर पाणी उपसा बंद ठेवता येतो, टाक्या भरून घेता येतात. त्याला ना सेन्सर लागतो ना निधी. एक व्हॉट्सॲप ग्रुप लागतो.

तोपर्यंत आपण एक करू. श्रोत्यांपैकी जे पंचगंगेच्या काठावर राहतात त्यांच्यासाठी: घरी आरओ बसवायला आलेला माणूस दाखवतो ना, तो पेनसारखा टीडीएस मीटर, तो दोन-तीनशे रुपयांना मिळतो. त्याने पाणी पिण्यालायक आहे की नाही हे कळत नाही, हे नीट लक्षात ठेवा, जंतू त्याला दिसत नाहीत. पण एकाच घाटावर, एकाच वेळी, रोज मोजलं तर कालच्यापेक्षा आज काहीतरी वेगळं आलंय एवढं कळतं. आकडा, तारीख, वेळ आणि गावाचं नाव पाठवा. आणि तुमच्या बंधाऱ्याचे बरगे यंदा कधी निघाले तेही. मी ते सगळं एका तक्त्यात टाकून या भागाच्या खाली लावीन. नरसोबाच्या वाडीहून कुणी पाठवणार असेल तर दक्षिणद्वार होण्याच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे हवेत. भेटू पंधरा दिवसांनी.